बेकर स्ट्रीटवरचं शेरलॉक होम्सचं घर: फॅमिली ट्रिपमधे तिकीट काढून बघावं का?

मुलुंडकर:
लंडन करून आलो, बायको-मुलं आणि आई. लेकीच्या हट्टापायी २२१ बी बेकर स्ट्रीट, म्हणजे शेरलॉक होम्स म्युझियमपण झालं. सरळ सांगतो, शिव्या घालायच्या तर घाला, जो माणूस जन्मालाच आला नाही त्याचं घर बघायला सगळ्या खटल्याचं तिकीट काढणं मला पटलेलं नाही. ब्रिटिश म्युझियम फुकट, सायन्स म्युझियम फुकट, डायनासोरवालं नॅचरल हिस्टरीपण फुकट, आणि इथे पौंडाचे रुपये केले की पोटात गोळा येतो.

बरं, खोटेपणा किती पद्धतशीर! दारावर २२१ बी, पण घर आहे २३७ आणि २४१ च्या मधे. म्युझियम निघालं १९९० ला आणि भिंतीवर गोल निळी पाटी, शेरलॉक होम्स, कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह, १८८१ ते १९०४. तिकडे खऱ्या थोरामोठ्यांच्या घरांवर लावतात तशीच. आमचे चिरंजीव तिथेच विचारतात, बाबा मग तो वारला कसा? काय सांगणार, कप्पाळ!

पार्ल्याची_मावशी:
अहो मुलुंडकर, सांगायचं की धबधब्यात पडला आणि काही वर्षांनी परत आला 😄 लेकीने गोष्टी वाचल्यात ना, मग पैसे वसूल. माझा भाचा जिना चढताना मोठ्याने पायऱ्या मोजत गेला, सतरा, कारण गोष्टीत होम्स वॉटसनला तेच ऐकवतो, तू इतक्या वेळा चढलास पण किती आहेत ते बघितलंस का. आणि वर खोलीत शिरल्या शिरल्या पठ्ठ्या व्हायोलिन वगैरे सोडून थेट भिंतीकडे, गोळ्या झाडून काढलेली व्ही आर अक्षरं बघायला (राणी व्हिक्टोरियाची, होम्सला कंटाळा आला की हे उद्योग). ज्याने वाचलं नाही त्याला ती नुसती जुन्या फर्निचरची खोली वाटणारच.

हार्बर_लाइन:
माझा मुद्दा पैशांचा नाहीच. तिथून रीजंट्स पार्कच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे, बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा १९२१-२२ मधे तिथे राहायचे. आपल्या राज्य सरकारने विकत घेतलं, २०१५ मधे स्मारक झालं. मराठी माणूस बेकर स्ट्रीटला सेल्फी काढतो आणि तिकडे फिरकत नाही याचा राग येतो मला.

पार्ल्याची_मावशी:
राग बरोबर आहे हो, पण तो होम्सवर कशाला? राजगृह तर इथे दादरला हिंदू कॉलनीत आहे, किती जण नेतात पोरांना? राणीबागेत पेंग्विनसाठी घामाघूम होऊन लाइन लावतील, आणि शेजारी भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ पासूनचं, त्याची पायरी चढणार नाहीत. लंडनला दोन्ही घरं एका दिवसात आरामात होतात.

बोरिवली_फास्ट:
मी मुलुंडकरांच्या पार्टीत. होम्सच्या गोष्टी लिहिणाऱ्या कॉनन डॉयलच्या सख्ख्या मुलीचा, डेम जीनचा, या म्युझियमला विरोध होता, लोकांना वाटेल तो खराच होऊन गेला म्हणून. चिरंजीवांनी ते सिद्धच केलं. डॉयल स्वतः पण इतके वैतागले होते की १८९३ ला होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात संपवला, वाचकांनी पिच्छा सोडला नाही म्हणून १९०३ ला परत आणावा लागला.

कागदी_होडी:
फास्ट, तेच तर म्हणतोय, लोक खरा मानतात याचं खापर म्युझियमवर कसं फोडता? म्युझियमच्या कितीतरी आधी, १९३२ पासून, २२१ नंबर ज्या इमारतीत येतो तिथे अ‍ॅबी नॅशनलचं ऑफिस होतं, घरासाठी कर्ज देणारी संस्था, तिचा आणि डिटेक्टिव्हचा काय संबंध, पण होम्सच्या नावाने जगभरातून पत्रांचा ढीग यायला लागला आणि त्यांनी उत्तरं द्यायला चक्क सेक्रेटरी नेमली. आणि मुलुंडकर, पत्ता खोटा म्हणता, अहो डॉयलनी गोष्टी लिहिल्या तेव्हा बेकर स्ट्रीटवर २२१ नंबरच नव्हता! मग खरं घर आणायचं कुठून? उद्या कोणी फुरसुंगीला बनेश फेणेचं घर काढलं, अंगणात त्याची सायकल ठेवली, तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढून उभा.

हार्बर_लाइन:
फेण्याच्या घराला मीपण येतो. पण निळी पाटी नको.

मुलुंडकर:
नंबरच नव्हता हे माझ्याच बाजूचं झालं की होडी! आणि मावशी, जिन्याचं कौतुक तुम्हाला. तो इतका चिंचोळा की आई पहिल्या मजल्यावर जी टेकली ती वरचे मेणाचे पुतळे बघायला आलीच नाही, म्हणजे तिचं तिकीट पाण्यात.

बोरिवली_फास्ट:
स्वित्झर्लंडला गेलात तर मायरिंगेनलापण आहे बरं का होम्सचं एक म्युझियम, १९९१ पासून, जुन्या इंग्लिश चर्चमधे. इंटरलाकेनला सगळ्या टूर जातातच, तिथून जवळ. खरा धबधबा तरी बघायला मिळतो.

पार्ल्याची_मावशी:
आता तुम्हीच पाठवताय का फास्ट? 😂 मुलुंडकर, बेकर स्ट्रीट स्टेशनच्या बाहेर होम्सचा पुतळा आहे, १९९९ पासून, फुकट आणि जिना नाही. पुढच्या वेळी आईंना घेऊन तुम्ही तिथे थांबा आणि लेकीला तिच्या आईबरोबर आत पाठवा, दोन तिकिटं वाचतील.