गावकारीचा नियम की सरकारचा कायदा: बांध कोण राखणार?

खाजनवाट (तिसवाडी, गोवा):
कायदे कशासाठी असतात, हा प्रश्न मला आमच्या गावच्या बांधावर पडला. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, मातीचे बांध आणि मानशीची (भरती-ओहोटीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या मोरीची) दारे यांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. पोर्तुगीज येण्याआधीपासून गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था, जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागले, ही जमीन राखत आली. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे आली; मात्र मानशीच्या मासळीची पावणी (लिलावाने मिळणारा मासेमारीचा हक्क) घेणारा आता भाताच्या नव्हे, मासळीच्या सोयीने दारे उघडतो. आमचा बांध फुटला, शेतात खारफुटी वाढली आणि ती तोडायला खारफुटी राखणारा दुसराच कायदा आडवा आला. ज्यांनी पाळायचा त्यांनीच घडवलेला नियम टिकतो. वरून आलेला कायदा मालक बदलतो, राखणदार निर्माण करत नाही.

कुळाची नात:
आपण गावकारीविषयी फार हळवे होऊन लिहिले आहे. "ज्यांनी पाळायचा त्यांनीच घडवलेला" म्हणजे नेमका कोणी? गावकार म्हणजे मूळ वसाहतकारांचे पुरुष वंशज, आणि बैठकीत शब्द त्यांचाच. माझी आजी गुडघाभर चिखलात उभी राहून बांधाला माती लावत असे, पण तो बांध केव्हा आणि कसा दुरुस्त करायचा हे ठरवताना तिला कोणी विचारले नाही. ज्याला बैठकीत जागा नाही त्याचा हक्क बैठकीच्या मर्जीवर राहू नये, यासाठी कायदा असतो. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, राहत्या घरातून काढण्याविरुद्ध जे संरक्षण मिळाले, ते भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) दयेतून नव्हे, कायद्यातून मिळाले.

खाजनवाट:
आजीचा मुद्दा मान्य आहे, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. तरीही तिला न्याय देणाऱ्या कायद्याने तिचे शेत खाऱ्या पाण्याखाली जाऊ दिले, याचे उत्तर आपल्या लिखाणात नाही.

निवृत्त कारकून (मडगाव):
बांध राखण्याचे कर्तव्य कायद्यात नाही, असे नाही. कुळांच्या सामाईक जबाबदारीचे नियम १९७५पासून आहेत. फरक अंमलबजावणीच्या रचनेत आहे. आपल्याकडे १८७०पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पतीला पत्नीच्या संमतीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. हा नियम पाळला जातो तो गोवेकर अधिक सज्जन आहेत म्हणून नव्हे (तसे असते तर माझ्या टेबलावर इतके तंटे आले नसते), तर बायकोची सही नसेल तर व्यवहारच अडतो म्हणून. बांधाच्या नियमाला असे अडणारे ठिकाण नाही. पावणी घेणाऱ्याकडून अनामत घ्यावी आणि पावसाळ्यानंतर बांध पाहिल्यावरच ती परत करावी.

कुळाची नात:
सूचना उत्तम आहे, पण बांध पाहणार कोण? आमच्या गावात पावणी घेणारा आणि संघटनेचा पदाधिकारी एकाच घरातले आहेत. पाहणी संघटनेबाहेरच्या माणसाकडे, निदान मामलेदाराच्या माणसाकडे, असायला हवी.

खाजनवाट:
मामलेदाराचा माणूस येईपर्यंत दोन भरत्या होऊन जातात. पाहणी बांधालगत कसणाऱ्यांनीच करावी, आणि त्यात बायकाही असाव्यात, एवढे मी संघटनेपुढे मांडीन.