बॉनेटला आधी हात लावून बघा
सव्वा लाख किलोमीटर पळालेली २०१२ ची डिझेल एसयूव्ही 'इंजिन एकदम मख्खन' आहे म्हणून घ्यावी का, असं विचारलंय. असेलही मख्खन, पण गाडी थंड असताना चालू करून बघितलीत का? थंड इंजिन सुरू होताना करतं ती कुरकुर लपावी म्हणून दलाल आपण पोचायच्या आधीच ती तापवून ठेवतात. बॉनेटला हात लावला की कळतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्या (पावसाळ्यात नुसत्या बाष्पानेही थोडी धरते, लगेच पळू नका). मी हे न बघता टोकन दिलं आणि दिवाळीचा बोनस हेड गॅस्केटने, म्हणजे कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या इंजिनातल्या सीलने खाल्ला.

इंजिन निदान दुरुस्त तरी होतं. एअरबॅगचं काय? ताकाता या जपानी कंपनीच्या बऱ्याच जुन्या इन्फ्लेटरमध्ये (बॅग फुगवणारा भाग) अमोनियम नायट्रेट असायचं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहून ते बिघडतं आणि बॅग उघडताना इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे अंगावर येऊ शकतात. गाडी कोकणात किंवा मुंबईत वाढलेली असेल तर चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का बघाच.

आणि हो, टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, रबर म्हातारं झालेलं असतं, त्या टायरवर घाट उतरू नका.