मदत हवी आहे: दारूगोळ्याच्या पेटीवरचे आकडे, नारिंगी चौकोन आणि गावचा फलक

पारावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडारापासून फार लांब नसलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ग्रामपंचायतीनं ठरवलंय की बसथांब्यावर आणि शाळेच्या भिंतीवर एक फलक लावायचा. शेतात, नाल्यात किंवा भंगारात दारूगोळ्यासारखं काही दिसलं तर काय करायचं, हे त्यावर असेल. मजकूर लिहायचं काम अर्थातच मास्तरकडे. गावात ज्या कामाला पैसे नाहीत ते मास्तरकडेच येते.

आमच्याकडे हा विषय हसण्यावारी नेत नाहीत. ३१ मे २०१६ ला भांडारात आग लागली तेव्हा आजूबाजूची गावं रातोरात रिकामी झाली होती. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावच्या बाजूला जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण गेले. तरी धातू वेचणं थांबलं असं नाही. पितळेला भाव आहे, आणि कापसाला किती आहे ते मी सांगायला नको.

आता अडचणी सांगतो.

एका घरी भंगारातून आणलेली लाकडी पेटी आहे. रिकामी होती, आता तिच्यात तूर भरतात. तिच्यावर नारिंगी रंगाचा तिरपा चौकोन, त्यात १.४ आणि खाली एस. बाजूला ००१२. मग 'लॉट' आणि पुढं अक्षरं-आकडे. दुसऱ्या अंगाला ४सी१, वाय, एक आकडा, शेवटी आयएनडी. यातलं काय कशासाठी?

दुसरं, माझा चुलतभाऊ वणीकडे खाणीत आहे. तो म्हणतो त्यांच्याकडे स्फोटकाच्या कांड्या 'श्रेणी २' आणि डेटोनेटर (त्या कांड्या फोडणारी छोटी नळी) 'श्रेणी ६'. मग हे १.४ कुठून आलं? एक मोठा की सहा मोठा?

तिसरं, रंग. व्हॉट्सॲपवर फिरतंय की पिवळा पट्टा म्हणजे जिवंत, निळा म्हणजे खोटा. सरपंचताईंना फलकावर रंगांचा तक्ता हवाय, फ्लेक्स उठून दिसतो म्हणून.

आणि हे घाईचं आहे. काल एका धुऱ्यालगत नाल्यात गंजलेलं नळकांडं दिसलं. पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवलंय. त्याच्यावर पुसट अक्षरं आहेत म्हणे. पथक येईपर्यंत ती वाचून काही अंदाज येईल का?

बोरगावचा_बंडू

मास्तर, जुन्या लोखंडावरची अक्षरं रॉकेलच्या फडक्यानं हलकं पुसलं की साफ दिसतात. फोटो टाका, आपण इथं बसून ओळखू.

मॅगझीनवाला_चंद्रपूर

बंडूभाऊ, हा प्रतिसाद काढून टाका जी. हात जोडून सांगतो.

मास्तर, आधी घाईचं. नळकांड्याजवळ कोणी जायचं नाही, फोटोसाठी पण नाही. पुसायचं नाही, उचलायचं नाही, पाणी ओतायचं नाही, वरून माती लोटायची नाही. ज्यानं पाहिलं त्याला लांबूनच जागा दाखवायला सांगा. त्या नाल्याकडे गुरं आणि पोरं जाणार नाहीत एवढं बघायला दोन माणसं ठेवा, ती पण दूर आणि आडोशाला. ठाण्यातून बॉम्ब शोधक व नाशक पथकाला निरोप जातो. उशीर होतोय असं वाटलं तर ११२ ला परत फोन लावा. अक्षरं वाचून कळेल ते एवढंच की कधीकाळी कारखान्यातून काय निघालं होतं. आज ते कुठल्या अवस्थेत आहे ते अक्षरं सांगत नाहीत. डागलेला पण न फुटलेला गोळा आणि पेटीतला नवा गोळा, दोघांवर रंग तोच असतो. फरक आतल्या फ्यूजमध्ये (गोळा फोडणाऱ्या कळीत) असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

सावजी_रस्सा

वाचतोय. नागपूर-अमरावती रोडवर ट्रकच्या मागं ती नारिंगी चौकट नेहमी दिसते. आजवर वाटत होतं कंपनीचा शिक्का असेल.

मॅगझीनवाला_चंद्रपूर

जेवण झालं, आता बसतो लिहायला. कोळसा खाणीच्या मॅगझीनवर नोकरी गेली माझी (मॅगझीन म्हणजे स्फोटकांचं गोदाम, मासिक नाही), त्यामुळे लष्करी बाजू थोडी कमी आणि खाणीची जास्त येईल.

मास्तर, तुमच्या भावाचं आणि पेटीचं, दोघांचं बरोबर आहे. या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

श्रेणी २, श्रेणी ६ हे आपल्या देशाचे स्फोटक नियम, २००८ मधले. त्यात आठ श्रेणी आहेत आणि त्या बहुतेक पदार्थ कशाचा आहे यावर पाडल्या आहेत. पहिली गनपावडर, दुसरी नायट्रेट मिश्रणं, तिसरी नायट्रो संयुगं, चौथी क्लोरेट, पाचवी फल्मिनेट, सहावी ॲम्युनिशन, सातवी फटाके, आठवी द्रव ऑक्सिजनची. खाणीतलं स्लरी-इमल्शन (लगद्यासारखी स्फोटकं) दुसरीत येतं. सहावीचे परत तीन विभाग. सेफ्टी फ्यूज (हळू जळणारी वात) पहिल्यात, डेटोनेटिंग फ्यूज (स्वतःच फुटणारी दोरी) दुसऱ्यात आणि डेटोनेटर तिसऱ्यात. परवाना, साठ्याची वही, पावती, सगळं या आकड्यांवर चालतं. हे सांभाळणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, हे नागपूरकरांनाच माहीत नसतं. तर एक मोठा की सहा मोठा हा हिशेब इथं लागूच नाही. फटाके सातवे आहेत म्हणून डेटोनेटरच्या वर गेले नाहीत.

पेटीवरचं १.४ संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीतलं. तिथं धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत आणि पहिला वर्ग स्फोटकांचा. म्हणून १ सगळीकडे तोच. टिंबापुढचा आकडा सांगतो की माल पेटला किंवा फुटला तर वागेल कसा:

१.१ – सगळा साठा एकदम फुटतो
१.२ – एकदम नाही, पण तुकडे, गोळे लांब उडतात
१.३ – मोठी आग, थोडा धक्का किंवा थोडे तुकडे
१.४ – धोका कमी, बहुतेक पेटीपुरता
१.५ – सगळं एकदम फुटू शकतं, पण फोडायला फार अवघड
१.६ – अतिशय मंद वस्तू, एकदम फुटत नाहीत

यात लोक १.५ ला फसतात. १.४ पेक्षा पुढचा आकडा म्हणून आणखी सौम्य समजतात. खाणीतली काही स्फोटकं १.५ मध्ये येतात आणि ती फुटली की डोंगर हलवतात. चौकटीत पहिल्या तिघांना फुटणाऱ्या बॉम्बचं चित्र असतं. १.४ पासून पुढे चित्र नसतं, आकडाच मोठा लिहिलेला असतो.

आकड्यापुढचं अक्षर म्हणजे कोणाशेजारी कोणाला ठेवायचं. बी म्हणजे डेटोनेटरसारखं, डी म्हणजे मुख्य स्फोटक, सी म्हणजे प्रोपेलंट, गोळी ढकलणारी दारू. बी आणि डी एका खोलीत ठेवत नाहीत. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं याच्यावरची आहेत. एस सगळ्यात सोयीचं. काही झालंच तरी परिणाम पेटीतच राहतो आणि आग विझवणाऱ्याला जवळ जाता येतं.

तुमच्या पेटीवरचं ००१२ म्हणजे लहान शस्त्रांची काडतुसं. रायफलच्या गोळ्या असतील.

आता जे फलकावर यायलाच हवं ते. हा धोक्याचा आकडा वस्तूला तिच्या पॅकिंगसकट मिळतो. इलेक्ट्रिक डेटोनेटर घ्या. एका पॅकिंगमध्ये तो ००३० क्रमांकानं १.१ बी होतो, दुसऱ्यात ०२५५ नं १.४ बी, तिसऱ्यात ०४५६ नं १.४ एस. पेटीतून काढून हातात घेतला की तिन्ही आकडे संपले, आणि बोटं मात्र त्याच्याजवळच राहतात. 'पेटीवर १.४ होतं, म्हणजे साधं असेल' असं म्हणत कोणी सुट्या वस्तूशी खेळला तर तो आकड्याचा उलटा अर्थ काढतोय.

शिलेदार_निवृत्त

मॅगझीनवाले काका, छान लिहिलंत. लष्करी बाजूची थोडी भर घालतो. माझी बरीच वर्षं ॲम्युनिशन सांभाळण्यात गेली.

सैन्याला १८८४ च्या स्फोटक कायद्यातून त्याच कायद्याच्या कलम १४ नं बहुतांशी वगळलंय. तिथं नियम स्टेक समितीचे, म्हणजे संरक्षण खात्याच्या स्फोटक साठवणूक-वाहतूक समितीचे. त्यामुळे लष्करी पेटीवर श्रेणी २, श्रेणी ६ शोधत बसू नका.

नाटो देशांच्या डेपोत कोठारावर आगीच्या खुणा लावतात, नारिंगी पाटीवर काळा आकडा. त्यांचा आकारच बोलतो. १ ला अष्टकोन, २ ला फुली, ३ ला उलटा त्रिकोण, ४ ला तिरपा चौकोन. रात्री, धुरात आकडा दिसला नाही तरी आकार कळावा म्हणून. अष्टकोन दिसला की अग्निशमनवाल्यानं आग विझवायचा विचार सोडून माणसं बाहेर काढायची.

पेटीवरचा लॉट क्रमांक म्हणजे कुठल्या कारखान्यानं, कुठल्या खेपेत बनवलं ते. एका खेपेत खोट निघाली तर सगळीकडून तेवढीच परत बोलवायला तो लागतो. काडतुसाच्या बुडावर पण असंच. केएफ म्हणजे खडकी, ओएफव्ही म्हणजे वरणगाव, सोबत साल.

४सी१ चा स्फोटकांशी थेट संबंध नाही, तो पेटीचा दाखला आहे. ४ म्हणजे पेटी, सी म्हणजे लाकूड, १ म्हणजे साधी. वाय ही चाचणीची पातळी, पुढं जास्तीत जास्त वजन किलोत, आयएनडी म्हणजे भारत.

रंगांच्या तक्त्याला माझा विरोध आहे. नाटोच्या पद्धतीत पिवळा म्हणजे उच्च स्फोटक, तपकिरी म्हणजे प्रोपेलंटसारखं मंद, निळा म्हणजे सरावाचं, फिका हिरवा धुराचा, पांढरा उजेडाचा. पण ही एका गटाची, एका काळातली पद्धत. पहिल्या महायुद्धातले उच्च स्फोटकाचे ब्रिटिश गोळे पट्टा नाही, अख्खे पिवळे रंगवलेले असायचे. प्रत्येक देशाचं आणि प्रत्येक पिढीचं वेगळं. त्यात सरावाचं म्हणजे रिकामं असं मुळीच नाही. गोळा कुठे पडला ते दिसावं म्हणून सरावाच्या गोळ्यात पण छोटा बार असतो. आणि मातीत पाच पावसाळे काढलेल्या लोखंडावर कुठला निळा आणि कुठला हिरवा? तक्ता लावलात तर पोरं रंग बघायला जवळ जातील.

गोंदणवेल

शिलेदार दादा, एक शंका. गावात अशा पेट्या बऱ्याच घरी असतात. ठेवणं गुन्हा आहे का? आणि मास्तर, त्या तुरीचं काय?

शिलेदार_निवृत्त

ताई, लिलावात रीतसर निघालेली रिकामी पेटी असेल तर तिच्यासोबत 'स्फोटकमुक्त' असल्याचा दाखला असतो, एफएफई म्हणतात त्याला. भंगारवाल्याकडे तो मागायला लाजू नका. जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणं मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, शोभेला ठेवलं तरी. घरात निघालं तर स्वतः खिशात घालून ठाण्यात नेऊ नका, पोलिसांना घरी बोलवा.

पेटीत धान्य नको. लाकडाला काय औषध मारलंय आणि आत काय सांडलंय, कोणाला ठाऊक? पाने, सब्बल, विळे ठेवा. आणि वरची नारिंगी चौकट रंधून नाहीतर रंगवून काढा. घराला आग लागली तर बंब घेऊन आलेला माणूस ती बघून दारातच थांबेल, आणि ते त्याचं बरोबरच असेल.

सावजी_रस्सा

ट्रकचं कोणी सांगेल का? रस्त्यात पेटलेला दिसला तर किती लांब थांबायचं?

मॅगझीनवाला_चंद्रपूर

उत्तर अमेरिकेत अग्निशमनवाले जी आणीबाणीची मार्गदर्शिका वापरतात तिच्यात १.१, १.२, १.३, १.५ च्या मालाचा ट्रक पेटला तर सगळीकडून १,६०० मीटर, आणि १.४, १.६ ला ५०० मीटर मोकळं करायला सांगितलंय. आगीपासून लांबून आकडा वाचता येणार नाही, म्हणून तुम्ही १,६०० मीटरच्या पुढंच थांबा. व्हिडिओ काढायला गाडी थांबवतात लोक, त्यांना काय म्हणावं.

पारावरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. पथक आज दुपारी येऊन गेलं. वाळूच्या गोण्या लावल्या, आम्हाला पार शाळेपर्यंत मागं हटवलं, आणि नळकांडं घेऊन गेले. जिवंत होतं की नाही ते सांगितलं नाही. विचारलं तर साहेब म्हणाले, आमच्यासाठी सगळं जिवंतच.

बंडूभाऊंना प्रतिसाद काढायची विनंती झाली होती, पण मीच म्हटलं राहू द्या. आमच्या गावात निम्म्या लोकांनी तेच सुचवलं असतं.

रंगांचा तक्ता रद्द. नारिंगी चौकोन तेवढा ठेवतोय, तो ट्रकवर आणि पेटीवर ओळखता यावा म्हणून. मजकूर असा केलाय:

'अनोळखी धातूची वस्तू, नळकांडं, काडतूस, गोळा दिसला तर हात लावू नका. पुसू नका, फोडू नका, विकू नका. आल्या वाटेनं मागं फिरा. जागा लक्षात ठेवा. पोलीस पाटील किंवा ११२. रंग गेला, गंज चढला, आकडा छोटा आहे म्हणून ती निकामी झाली असं नाही.'

शेवटच्या ओळीवर सरपंचताई म्हणतात लांब झालं, काढा. मला ती ठेवायची आहे. तुमचं काय मत?

मॅगझीनवाला_चंद्रपूर

ठेवा. जागा कमी पडत असेल तर फलकावरचे पदाधिकाऱ्यांचे फोटो लहान करा.

गोंदणवेल

आणि 'विकू नका' मोठ्या अक्षरात. हात लावू नये हे पोरांना सांगून कळते, भंगाराचा काटा ज्याच्याकडे आहे त्याला वेगळं सांगावं लागते. त्याच्या दुकानासमोर पण एक लावा.