मेंदू आधीच ठरवत असेल, तर आपण काय ठरवतो?

प्रश्न
अकरावीला गतीचे नियम शिकवताना दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, की मेंदूही अणूंचाच बनलेला असेल तर आपण घेतलेला निर्णय आपला कसा? फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ मध्ये हाच विचार टोकाला नेला होता: एका क्षणी विश्वातील सर्व कणांची स्थिती आणि सर्व बले जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल. एरवी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. यंदा मात्र एका मुलीने मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग पुढे केला. मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि २.५६ सेकंदांत एक फेरी घेणाऱ्या ठिपक्याकडे पाहून इच्छा झाली तो क्षण सांगायचा, असा तो प्रयोग होता. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी झाली, मेंदूतील विद्युतबदल मात्र सुमारे ०.५५ सेकंद आधीच सुरू झाला होता. मग इच्छास्वातंत्र्याचा निकाल लागला, असे समजायचे का?

प्रतिसाद १
ईईजीच्या (डोक्यावर तारा लावून मेंदूची विद्युतक्रिया नोंदवण्याच्या तपासणीच्या) खोलीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून आलेखापुरतेच बोलतो. पापणी एकदा लवली तरी शंभर मायक्रोव्होल्टच्या घरातली लाट उमटते. लिबेट यांचा संकेत, म्हणजे तो विद्युतबदल, त्या मानाने इतका क्षीण, की एका हालचालीच्या नोंदीत तो सहसा दिसतच नाही. चाळीसेक नोंदी हालचालीच्या क्षणाशी जुळवून त्यांची सरासरी काढावी लागते आणि गोम इथेच आहे: संकेत चढला पण हात हललाच नाही, असे प्रसंग या सरासरीत येऊच शकत नाहीत. मेंदूसंशोधक आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की मेंदूत आपोआप होणारे चढउतार एका उंबरठ्याला पोचले की हालचाल घडते एवढे मानले, तरी सरासरीत तसाच चढ मिळतो. मग तो चढ म्हणजे आधीच झालेला निर्णय, असे म्हणता येत नाही. शिवाय मनगट आत्ता हलवावे की क्षणभराने, याला काही कारणच नसते. नोकरी सोडावी की नाही, याच्याशी त्याची तुलना कशी करणार?

प्रतिसाद २
लिबेट बाजूला सारले तरी लाप्लास उरतोच. त्यावर अनेक जण क्वांटम यदृच्छेचा (अणूपातळीवरच्या घटना मुळातच अनिश्चित असण्याचा) आधार घेतात, तो मला कुचकामी वाटतो. रेडियमचा अणू नेमका केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, म्हणून कोणी त्याला स्वतंत्र म्हणत नाही. टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, पण त्यांनी स्वातंत्र्य दिले ते प्रकृतीहून वेगळ्या आत्म्याला, आणि भौतिकशास्त्राच्या तासाला ती वाट बंद आहे. मला भेद दुसरीकडे दिसतो. कंपवाताने हलणारा हात आणि कोणाला बोलावण्यासाठी दार वाजवणारा हात, दोन्ही नियमांनीच हलतात. पण ‘थांब, तो झोपलाय’ असे म्हटल्यावर दुसरा थांबतो, पहिला थांबत नाही. कारण कळल्यावर वागणे बदलता येणे, यालाच मी स्वातंत्र्य म्हणेन, आणि त्यासाठी एकही नियम मोडावा लागत नाही.

प्रतिसाद ३
ही पाटी तीच ठेवून दुकानातला माल बदलण्याची युक्ती झाली. तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांनी (योगायोगाने १९८३ मध्येच) पुस्तकात सविस्तर मांडलेला युक्तिवाद पाहावा: निसर्गनियम आपल्या हाती नाहीत, आपल्या जन्मापूर्वीची विश्वस्थिती हाती नाही, आणि आजचे कृत्य या दोहोंतून अटळपणे निघत असेल, तर तेही हाती नाही. ‘तो झोपलाय’ हे ऐकून थांबणारा स्वभाव तरी आपण कुठे निवडलेला असतो?

प्रश्नकर्ता
बरणीतले मीठ पाण्यात विरघळू शकते, असे आपण म्हणतो. ते आज बरणीतच राहणार हे नियमांनी ठरलेले असले, तरी ते विधान खोटे पडत नाही. ‘मी वेगळे वागू शकलो असतो’ यातले ‘शकणे’ याच जातीचे असेल, तर इनवॅगन यांची साखळी शेवटच्या कडीपाशी तुटते. नसेल, तर ते कोणत्या जातीचे, हे प्रतिसाद ३ च्या लेखकांनी कृपया सांगावे. सोमवारी वर्गात मिठाची बरणी तर मी नेणारच आहे, पण ती मुलगी तेवढ्यावर गप्प बसेल असे वाटत नाही.