मोठ्यांचं एडीएचडी आणि स्टिम्युलंट गोळ्या: नाशिककरांनो, तुमचा अनुभव लिहा

मुलाला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, तासभर त्याच्याबद्दल बोलायचं, आणि शेवटी डॉक्टरांनी आपल्याकडे बघून विचारायचं, "तुमचं शाळेत कसं होतं हो?" माझं निदान असं झालं. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि उतावीळपणाचा त्रास, घराण्यात चालत येतो, त्यामुळे अशी घरं नाशकात आणखीही असणार. लहान मुलांच्या औषधांबद्दल माहिती देणारे पुष्कळ भेटतात. चाळिशीत मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरची स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारी गोळी) सुरू केलेल्या माणसाला मात्र विचारायला कोणी सापडत नाही. म्हणून हा धागा.

दोनतीन पथ्यं. आपलाच अनुभव लिहा, शेजाऱ्याच्या भाच्याचा नको. डोस लिहू नका. दुसऱ्याचा आकडा वाचून आपला वाढवणारे महाभाग असतात. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं नकोत.

माझ्यापासून सुरू करते. नाशकातच कॅनडा कॉर्नरला कर सल्लागाराचं काम करते, म्हणजे जुलै महिना कसा जातो ते सांगायला नको. गोळीने तरतरी येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. एका क्लायंटचा फोन आला, बोलले, ठेवला, आणि ज्या फाइलवर होते तिच्यावरच परत आले. एवढंच! पण हे आयुष्यात फार क्वचित घडलं होतं. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं मेंदूतल्या पेशी वापरून झाल्यावर परत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ती ओढ अडवतं, म्हणून दोन्ही जरा जास्त वेळ कामावर राहतात, असं डॉक्टरांनी समजावलं. साधी गोळी तीन-चार तास टिकते, लाँग अ‍ॅक्टिंग आठ ते बारा.

भूक मेली हा माझा मुख्य त्रास. डबा तसाच घरी यायचा. आता गोळीच्या आधी पोटभर नाश्ता करते आणि रात्री नीट जेवते.

गंगापूर रोड, इंटीरियर डिझाइनचं काम

पहिल्या आठवड्यावर कोणी जाऊ नका. मला तेव्हा वाटत होतं की आपला पुनर्जन्म झाला. तो जोश ओसरतो, आणि त्यानंतर जे उरतं ते खरं औषध. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर महिन्याभराने "गोळी चालेनाशी झाली" म्हणून घाबरलो नसतो.

दुसरं म्हणजे, गोळी लक्ष देते, पण ते कुठे लावायचं हे सांगत नाही. एका सकाळी गोळी घेतली आणि टाइल्सचे सगळे नमुने रंगानुसार, मग फिनिशनुसार लावत बसलो. कमालीच्या एकाग्रतेने! साइटवर सुतार वाट बघत होता. त्यामुळे आता आदल्या रात्रीच कागदावर सकाळचं पहिलं काम लिहितो, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि मग गोळी. हा क्रम उलटा झाला की दिवस गेला.

निदानाच्या वेळी डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली होती. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का हे त्यांना बघायचं असतं. आईने ट्रंकेतून काढून दिली. दर वर्षी वेगळ्या अक्षरात तोच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नाही.

निफाडकडचा द्राक्ष बागायतदार

आमच्याकडं असल्या आजाराला आजार म्हणत नाहीत, "धांदरट" म्हणतात. रात्री दोनला पाऊस आला, डावणी रोगाची भीती आहे, तर ट्रॅक्टर काढून पहाटेपर्यंत फवारणी करणारा आख्ख्या शिवारात मी पहिला. संकटात माझं डोकं चांगलं चालतं. खरा घोळ वहीचा. प्लॉट युरोपच्या निर्यातीसाठी नोंदवलेला असला की प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं लिहून ठेवावं लागतं. काढणीआधी रेसिड्यूचा, म्हणजे द्राक्षात उरलेल्या फवारणीच्या अंशाचा, नमुना तपासतात. मला फवारणी आठवायची, तारीख आठवायची नाही. वही बायको भरायची, तीसुद्धा मला उलटसुलट विचारून.

गोळी चालू झाल्यापासून वही बागेतच भरतो, टाकी धुवायच्या आधी. लोकांना हे किरकोळ वाटंल.

त्रास काय, तर उन्हात काम करताना तोंड कोरडं पडतं आणि छातीत धडधडल्यासारखं होतं. डॉक्टरांनी बीपी, नाडी, वजन दर भेटीला बघितलं, ईसीजी काढला, मग पुढं चालू ठेवलं. भाकरी खाल्ल्याशिवाय बायको गोळी देत नाही. चहा मात्र कमी करावा लागला, आणि गोडी छाटणीच्या दिवसांत चहा कमी करणं हा बाकी सगळ्यापेक्षा मोठा त्याग आहे.

अडचण एकच. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या आलेल्या, छाटणी अंगावर, आणि त्याच आठवड्यात चिठ्ठीसाठी नाशिकला जायचं. फोनवर होत नाही.

इंदिरानगर, आयटी

फोनवर का होत नाही ते सांगतो, कारण मी वर्षभर ऑनलाइनच जमवायच्या मागे होतो. 2020 ची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाच्या औषधांची सरकारी यादी) आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातली औषधं व्हिडिओ कॉलवरून लिहून द्यायला मनाई आहे. मिथाइलफेनिडेट दोन्हीकडे बसतं. माझे डॉक्टर मुंबईचे होते, समुपदेशन ऑनलाइन चालायचं, पण चिठ्ठीसाठी पंचवटी एक्सप्रेस. शेवटी नाशकातलेच डॉक्टर शोधले. मोठ्यांचं एडीएचडी बघता का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. मी भेटलेल्या एकांनी पदवी मिळवलेल्या माणसाला हा आजार नसतोच असं सांगून परत पाठवलं होतं.

अमेरिकेतल्या मित्रांचं ऐकून अ‍ॅडरॉल मागू नका, ते इथे विकलं जात नाही. आपल्याकडे स्टिम्युलंट म्हणजे व्यवहारात मिथाइलफेनिडेट.

गोळे कॉलनी, औषध विक्रेता

मी रुग्ण नाही, पण काउंटरच्या अलीकडचं लिहितो. "दुकानदार माझ्याकडे चोरासारखं बघतो" ही तक्रार मी रोज ऐकतो.

शेड्यूल एक्सच्या मालासाठी नेहमीच्या परवान्याखेरीज वेगळा परवाना लागतो. माल कुलपात ठेवायचा, रजिस्टर वेगळं. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक आम्ही ठेवून घेतो आणि दोन वर्षं जपतो. वर 1985 चा एनडीपीएस कायदा. महिन्याला मोजकी गिऱ्हाइकं येणार असतील तर बहुतेक दुकानदार या भानगडीत पडतच नाहीत. तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने "नाही" म्हटलं तर तो तुमच्यावर संशय घेत नसतो, त्याच्याकडे परवानाच नसतो.

करायचं काय? एक दुकान धरा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करा, म्हणजे माल मागवून ठेवता येतो. डॉक्टरांकडून दोन प्रती तिथेच मागून घ्या. झेरॉक्स चालत नाही. डॉक्टर रजेवर कधी आहेत ते आधी विचारा, दिवाळीत हमखास घोळ होतो.

*(मीच मध्ये बोलते. आठवडाभर आधी फोन, दोन प्रती जपणं, तारीख लक्षात ठेवणं. ज्याला हे सगळं जमतं त्याला या गोळीची गरज काय, असा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नसावा. कायदा कशासाठी आहे ते कळतं. तरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला दरवेळी हसू येतं आणि रडूही. आमच्याकडे ते काम नवऱ्याच्या कॅलेंडरवर आहे.)*

पंचवटी, शिक्षिका

मला दहाएक वर्षं डिप्रेशन आणि एंग्झायटीच्या गोळ्या होत्या. त्या खोट्या होत्या असं नाही, पण मुळाशी काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. वर्गात मी उत्तम, साठ मुलं असली तरी. पेपर तपासायचे म्हटलं की गठ्ठा महिनाभर कपाटावर. मुलगी बाकावर शांत बसून खिडकीबाहेर बघत असेल तर शाळेत कोणाला त्रास होत नाही, म्हणून कोणी पालकांना बोलावतही नाही. मी तशी मुलगी होते.

गोळीने गठ्ठा खाली आला. पाळीच्या आधीच्या दिवसांत मात्र गोळी घेतली की नाही अशी शंका यावी इतका फरक कमी जाणवतो. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी नोंद ठेवायला सांगितली आहे.

उपवासाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नवरात्रात नऊ दिवस धरायचे. पहिल्या वर्षी रिकाम्या पोटी गोळी, वर चहा, आणि दुपारी हात कापायला लागले. तेव्हापासून सकाळी दूध, केळं, शेंगदाण्याचा लाडू खाऊनच घेते. सासूबाईंना गोळी कशाची ते आधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या सासऱ्यांना पण हेच होतं की!" आणि पुढे तासभर त्यांच्याच गोष्टी.

अंबड, कारखान्यात क्वालिटी विभाग

मला मानवलं नाही, तेही इथे असावं. सकाळी ठीक, पण औषध उतरायला लागलं की संध्याकाळी अशी चिडचिड व्हायची की पोरं माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून अभ्यासाला बसायची. लाँग अ‍ॅक्टिंग दिलं, तर झोप गेली. शिफ्ट बदलत राहते, त्यामुळे गोळीची वेळ बसवणं अशक्य झालं. मुळात एंग्झायटी होतीच, ती वाढली.

आता अ‍ॅटोमोक्सेटिनवर आहे. ते स्टिम्युलंट नाही, शेड्यूल एक्समध्येही येत नाही, त्यामुळे मिळायला सोपं. पण घेतलं आणि तासाभरात फरक, असं नाही. काही आठवडे नुसती मळमळ सोसली. फरक आहे, पण वरच्या लोकांसारखा लख्ख नाही. मशीनच्या आवाजात ड्रॉइंग वाचताना पूर्वी तीनदा वाचावं लागायचं, आता बहुधा एकदा पुरतं. माझं तेवढ्यावर भागतं.

एका रुग्णाची बायको, सिडको

सगळे स्वतःबद्दल लिहितायत, म्हणून. त्याचं औषध सुरू झाल्यावर गॅसचं बुकिंग, लाइट बिल, मुलीची फी तो करायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. म्हणजे हे जमण्यासारखं होतं, आणि इतकी वर्षं मी एकटी? राग चुकीचा आहे हे मला कळतं. आम्ही दोघं मिळून समुपदेशकाकडे जातोय. गोळी त्याची आहे, पण सवयी दोघांच्या बदलायला लागतात.

(मीच पुन्हा)

एका मुलाने स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी ही गोळी चिठ्ठीशिवाय कुठे मिळेल असं विचारलं होतं. ते काढून टाकलंय. बाळा, एडीएचडी नसलेल्याचा अभ्यास या गोळीने सुधारतो हे फारसं सिद्ध झालेलं नाही. झोप जाते, नाडी वाढते, सवय लागू शकते, आणि चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. लक्ष लागत नसेल तर रीतसर तपासून घे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

नाशिक रोड, सरकारी छापखान्यातून (प्रेसमधून) निवृत्त

माझं निदान साठीनंतरचं. नोकरीत कधी काही जाणवलं नाही, आणि त्याचं कारण आता कळतं. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर, गेटवर झडती, समोर एकच काम, आणि ते मोजून द्यायचं. डोक्याला स्वतःहून काही ठरवायची पाळीच येत नव्हती. निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत घराची दशा झाली. अर्धवट रंगवलेली खिडकी, उघडी मोटर, तीन ठिकाणी सुरू केलेली बाग. मुलांना वाटलं विस्मरण. तपासण्या झाल्या, त्यात तसं काही निघालं नाही. मग एका डॉक्टरांनी लहानपणापासून सगळं विचारलं.

माझं बीपी जास्त होतं, म्हणून आधी ते आटोक्यात आणलं, काचबिंदूसाठी डोळे तपासले, मग अगदी कमी मात्रेपासून सुरुवात. या वयात घाई नको, हा डॉक्टरांचा आग्रह मला पटला.

ही नव्या जमान्याची थेरं आहेत असं माझे मित्र म्हणतात, म्हणून जरा वाचलं. मुलांवर अशा औषधाचा परिणाम अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी 1937 मध्येच नोंदवला होता. मिथाइलफेनिडेट 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी बनवलं, आणि बायको रीटाच्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. म्हणजे औषध माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. मित्रांना हे सांगितलं. ते म्हणाले, मग इतके दिवस कुठे होतास?

खिडकी रंगवून झाली. बाग अजून दोन ठिकाणी आहे.

कॉलेज रोड, सध्या अबुधाबी

छोटी माहिती. यूएईत ही गोळी नियंत्रित औषधांत येते, न्यायच्या आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी लागते. चिठ्ठी आणि डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, त्यावर औषधाचं मूळ नाव हवं, गोळ्या मूळ पाकिटात. दुसऱ्या देशात नियम वेगळे, तिथल्या दूतावासाच्या साइटवर बघा. तिकिटाआधी हे करा.

(मी)

गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना औषध थांबवलेल्या, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवलेल्या कोणी असाल तर कृपया लिहा. व्यक्तिगत निरोपात दोघींनी विचारलंय, आणि माझ्याकडे त्याचा अनुभव नाही. निफाडकर, तुम्हाला एक प्रश्न: चिठ्ठीसाठी छाटणीच्या आधीची तारीख डॉक्टर देतात का? आमचा जुलैही तसाच असतो.