वारशात आलेलं रिव्हॉल्वर: निकेल मूळचं की नंतर चढवलेलं? मदत हवी आहे

स्मिथ अँड वेसन, .३८, डबल अ‍ॅक्शन (चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन सुटतो), गोळ्यांच्या पाच घरांचं, वरून मोडून उघडणारं (टॉप ब्रेक). सगळीकडे निकेल, ट्रिगर गार्डवर (चापाभोवतीच्या कड्यावर) सुद्धा. नळीवरच्या पेटंटच्या तारखा मधेच पुसट. मुलामा कारखान्याचा की नंतरचा, कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
आधी उघडून पाचही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा.

शंका ट्रिगर गार्डपासूनच सुरू होते. या कंपनीच्या टॉप ब्रेक रिव्हॉल्वरांत बाकी निकेल असलं तरी गार्ड ब्लूइंगचा (पोलादावर रसायनाने आणलेल्या निळसर-काळ्या थराचा) असे. घोडा आणि चापावर केस हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) निळसर-तपकिरी ढग असत. तेही निकेलने झाकले असतील तर काम बहुधा नंतरचं.

तारखा पुसट होतात बफमुळे (घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकामुळे). नवा मुलामा चढवण्याआधी गंज काढायला बफ फिरवतात आणि तो कडा खातो. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा आलाय का, नळीच्या धारा गोल झाल्यात का, तपासा. मग दिवा तिरका धरून भिंगातून गंजाचे खड्डे बघा. तळाशीही निकेल चमकत असेल तर गंज आधीचा, मुलामा नंतरचा. मूळ निकेलमधल्या खड्ड्याची कड तुटलेली असते, तळ काळपट. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण.

प्रतिसाद २
रंगही बघा. निकेलला किंचित पिवळसर झाक असते, क्रोमला निळसर. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकात बाजारात आला. हे मॉडेल १८८० ते १९११ दरम्यानचं. म्हणजे क्रोम निघालं तर प्रश्नच मिटला.

मुठीच्या पट्ट्या काढून बघा. खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरा. स्क्रू तीन-चार आटे सैल करून डोक्यावर हलकेच दाबा, समोरची पट्टी सुटते. टोक घालून उचकटू नका, जुनं कडक रबर तडकतं. उजव्या पट्टीच्या आत क्रमांक कोरलेला असेल तर मुठीच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा.

धागाकर्ता
क्रमांकाशेजारी बारीक चांदणी आहे. घोडा निकेलचाच.

प्रतिसाद १
मग उलगडलं. चांदणी म्हणजे रिव्हॉल्वर दुरुस्तीला कारखान्यात परत गेलं होतं. डाव्या पट्टीखाली चौकटीवर महिना-वर्षाचे आकडे शोधा. मुलामा त्याच वेळचा असू शकतो, पण गार्ड-घोडा बघता पहिला नक्कीच नाही. मूळ फिनिश कोणतं होतं ते कारखान्याच्या जुन्या नोंदी पाहून पत्र देणाऱ्या स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून कळू शकतं. तोवर सफाईसाठी अमोनिया असलेलं सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) लावू नका. निकेलखाली तांब्याचा थर असला तर तो विरघळून निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.