मदत हवी आहे: कीबोर्डच्या काही पट्ट्या ठणकन वाजतात, घुरघुर येते आणि पेटीशी सूर जुळत नाही

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या महिला भजनी मंडळात मी कीबोर्ड वाजवते. ६१ पट्ट्यांचा, टच रिस्पॉन्सवाला (पट्टी जितकी जोरात दाबाल तितका मोठा आवाज), वॉरंटी केव्हाच संपलेला. श्रावण तोंडावर आलाय, कार्यक्रम ठरलेत आणि यानं नेमकं आत्ताच अंग काढून घेतलंय.

सगळ्यात जास्त त्रास पट्ट्यांचा. मधल्या सप्तकातली पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि पांढरी तीन कितीही हलक्या हातानं दाबा, ठणकन वाजतात. अभंग मऊ चाललेला असतो आणि मध्येच कुणी ताटली आपटावी तसा एक सूर येतो. काळी दोन तर कधी बोलते, कधी मुकी. वरच्या आणि खालच्या सप्तकात काहीही तक्रार नाही.

दुसरं म्हणजे, लॅपटॉपवर तानपुरा लावून तो आणि कीबोर्ड एकाच छोट्या मिक्सरला जोडले की स्पीकरमधून घुरघुर सुरू होते. लॅपटॉपचा चार्जर उपसला की एकदम शांत.

तिसरं जरा नाजूक आहे. पेटी वाजवणाऱ्या काकूंच्या मते माझं मशीन बेसूर आहे, माझ्या मते त्यांची पेटी. फरक अर्ध्या सुराहून बराच कमी आहे, पण दोन्ही एकदम वाजले की आवाज लहरतो. ट्रान्सपोझनं सरळ अर्धा सूर सरकतो, त्याचा उपयोग नाही.

एका दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्यानं न उघडताच ‘मेन बोर्ड गेला’ म्हणून सांगितलं आणि नव्या कीबोर्डच्या निम्म्या किमतीचा आकडा टाकला. मला पटलं नाही. बोर्ड गेला असता तर बाकीच्या पट्ट्या इतक्या छान कशा वाजल्या असत्या? फॅक्टरी रिसेट करून झालाय, फरक शून्य. उघडून बघायला मी घाबरत नाही, घरातला मिक्सर-ग्राइंडर मीच उघडते. पण आधी दोष कुठे आहे ते कळायला हवं. जाणकारांनी सांगा.

सोल्डरगन:

तुमची शंका रास्त आहे. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी फंक्शन मेनूत जाऊन टच रिस्पॉन्स ‘फिक्स्ड’ करा. त्या चार पट्ट्या लगेच इतरांसारख्या वाजू लागल्या तर आवाज तयार करणारा भाग ठणठणीत आहे, घोटाळा वेग मोजण्यात आहे. लॅपटॉप आहेच, तर कीबोर्ड यूएसबीनं जोडून एखादं फुकट मिडी मॉनिटर (दाबलेल्या पट्टीची नोंद पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. प्रत्येक पट्टीचा वेग १ ते १२७ मधल्या आकड्यात दिसतो. हलक्या हाताला शेजारच्या पट्टीवर ४०-५० आणि या पट्टीवर १२७ आला की चोर सापडला.

आत काय असतं ते सांगतो. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी घुमटी असते, तिच्यात कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका बोर्डाला आधी टेकतो, दुसरा क्षणभरानं. या दोहोंमधल्या वेळावरून यंत्र ठरवतं की तुम्ही किती जोरात वाजवलं. पहिल्या ठिपक्यावर मळ बसला की तो उशिरा लागतो, मधला वेळ घटतो आणि यंत्राला वाटतं बाईंनी सगळा जोर लावला. दुसरा लागलाच नाही तर पट्टी मुकी. तुमच्याकडे दोन्ही प्रकार शेजारशेजारी आहेत आणि तेही सगळ्यात जास्त वाजणाऱ्या जागी. म्हणजे मळच. बोर्ड जोडणाऱ्या रिबन केबलचा दोष असता तर पट्ट्या ठरावीक अंतरानं गेल्या असत्या, बऱ्याच कीबोर्डात दर आठवी.

एक विचारू? भजनात बुक्का आणि उदबत्ती कुठे ठेवता?

गोदाकाठची:

टच फिक्स्ड केल्यावर चारही पट्ट्या शहाण्यासारख्या वाजल्या! काळी दोन मात्र तशीच. आणि उदबत्तीचं घर कीबोर्डच्या अगदी डोक्यावरच्या कोनाड्यात असतं. बुक्क्याचं तबक तर त्यावरूनच फिरतं.

सोल्डरगन:

मग उघडाच. अडॅप्टर आणि सेल दोन्ही काढा. खाली जाड सतरंजी घालून कीबोर्ड पालथा ठेवा, नाहीतर बटणांवर सगळा भार येतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून निघाला त्याचे फोटो काढा. लांब स्क्रू आखूड जागी घुसवला तर प्लास्टिक फुटतं. पट्ट्यांखालचं रबर हळूच उचललं की बोर्डावर काळे कार्बनचे चौकोन दिसतील. चष्म्याच्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते अलगद पुसा, ९९ टक्केवालं आणा. मेडिकलमधल्या ७० टक्केवाल्यात पाणी फार. रबरातल्या ठिपक्यांवरून नुसता हात फिरवल्यासारखं करायचं. खरवडणं, पॉलिश पेपर, स्प्रेचं तेल यांतलं काहीही नको, कार्बन निघून गेला तर परत येत नाही. पूर्ण वाळू द्या. रबर परत बसवताना त्याच्या शेपट्या भोकांत पुरत्या गेल्यात ना, तेवढं बघा.

पांढरीचार:

सुराच्या भांडणात दोघीही बरोबर आहात. कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झवर लावून येतो, म्हणजे मधल्या सप्तकाची पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनं देते. पेटीचे सूर ज्या कारागिरानं घासून लावले, त्याच्या मापानं ती ४४२ किंवा ४३८ असू शकते. तबला पेटीला लावलेला असतो, तेव्हा पेटीला हात लावायचा नाही, हलवायचा तो कीबोर्ड. मेनूत ‘ट्यूनिंग’ किंवा ‘मास्टर ट्यून’ शोधा. ते ट्रान्सपोझपेक्षा वेगळं असतं, त्यात हर्ट्झच्या अंशानं सरकता येतं.

काकूंना पांढरी सहा धरून ठेवायला सांगा, तुम्हीही तीच धरा. लहर मोजा. सेकंदाला तीनदा लहरलं तर फरक तीन हर्ट्झचा. एका बाजूला सरकवत जा, लहर मंदावत थांबली की जुळलं. वाढली तर उलट्या बाजूला चला. पण पेटी डबल रीडची (दर सुराला पितळेच्या दोन जिभा) असेल तर एकच रीड वाजेल असे स्टॉपर ठेवा, नाहीतर तिच्या दोन रीडच एकमेकींशी लहरत असतात आणि तुम्ही दुपारभर मोजत बसाल. भाताही एकसारखा हवा, दाबानं सूर किंचित हलतो.

मेनरोडकर:

घुरघुर ही ग्राउंड लूपची. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि ऑडिओ केबलनं दोघांची जमीन (ग्राउंड) पुन्हा जोडलेली, त्या फेऱ्यातून ५० हर्ट्झची वीज आवाजात शिरते. सगळं एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर घ्या. तरी राहिली तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (दोघांची जमीन वेगळी ठेवणारी छोटी डबी) लावा. कार्यक्रमापुरतं सांगायचं तर लॅपटॉप चार्ज करून आणा आणि बॅटरीवर चालवा. कुणी तीन पिनांतली जाड पिन कापायला सांगेल. हात जोडून सांगतो, कापू नका.

जाता जाता एक पाहा, कीबोर्डच्या फोन्स (हेडफोन) जॅकमध्ये मोनो पिन तर लावत नाही ना? तो जॅक स्टीरिओ असतो, मोनो पिननं एक बाजू शॉर्ट होते.

टाळकरी:

धाग्यात घुसतोय, माफ करा. कीर्तनात बुवांचं निरूपण रंगात आलं की माझा कीबोर्ड आपोआप बंद पडतो. अडॅप्टर नवीन आणला, तरी तेच.

सोल्डरगन:

अडॅप्टर निर्दोष आहे. हल्लीच्या कीबोर्डांत ऑटो पॉवर ऑफ असतं, यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत मुळात ३० मिनिटांचं. तेवढा वेळ कुणी पट्टीला हात लावला नाही की तो झोपतो. त्या मालिकेत सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून ठेवून चालू केलं की ही सोय रद्द होते. दुसऱ्या कंपनीचा असेल तर मॅन्युअल बघा. बुवांना आवरतं घ्यायला सांगण्यापेक्षा हे सोपं.

गोदाकाठची:

उघडला. आत रबराखाली काळा बुक्का आणि राखेचा थर, कापड पहिल्याच फटक्यात काळं झालं. चारही पट्ट्या आता हलक्या हाताला ४० ते ५५ च्या आत आहेत. काकूंच्या पेटीशीही जुळलं, ४४२ वर. ‘मशीन सुधारलं’ म्हणाल्या, मी वाद घातला नाही.

काळी दोन अजून अधूनमधून रुसते. तिथल्या रबरातला एक ठिपका झिजून राखाडी झालाय. नवं रबर मिळेपर्यंत काय करू? आणि आमच्या सभामंडपातल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

सोल्डरगन:

सगळ्यात वरच्या सप्तकाचं रबर काढून मधल्याशी ताडून बघा. आकार आणि भोकं सारखी असतील तर अदलाबदल करा. भजनात त्या वरच्या पट्ट्यांपर्यंत हात कोणाचा जातो?

मेनरोडकर:

कीबोर्ड उघडलात, शाब्बास. पण अर्थिंग वायरमनलाच तपासू द्या, तिथे मिक्सर-ग्राइंडरचा अनुभव चालत नाही. तोवर लॅपटॉप बॅटरीवर. आणि उदबत्तीचा कोनाडा बदला.